शंभरातलं एक डोकं

मंगळवार, ८ जुलै २०२५

एलिसाला आज दिवसभर वर्गाबाहेर बसवलं. ऑफिससमोरच्या बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी! गुन्हा काय, तर केस लाल रंगवले म्हणे.

रंगवले! माझी नात जन्मली तेव्हापासून तिचे केस नव्या कौलाच्या रंगाचे आहेत. भुवयासुद्धा. भुवया कोण रंगवतं? जुन्या मुख्याध्यापकांना माहीत होतं, सगळ्या शाळेला माहीत आहे. जूनमध्ये ही नवी बाई आली, जागृती मॅडम, कामणकडच्या शेतकऱ्याच्या घरातली — आणि आल्या आल्या शिस्त. डायरीत शेरा : ‘केस काळे केल्याशिवाय वर्गात प्रवेश नाही. पालकांनी भेटावे.’

पालक म्हणजे मीच. मुलगा स्टीवन कुवेतला. सून ॲनिशा नर्स, तिची ड्यूटी सकाळची. मी सातवी शिकलेला, सातिवलीच्या कारखान्यात एकतीस वर्षं पत्रा कापलेला. मुख्याध्यापिकेसमोर काय बोलणार?

बुधवार, ९ जुलै

गेलो. पाऊण तास बाहेर उभं ठेवलं. घरून पाठ करून गेलो होतो — मॅडम, हा देवाने दिलेला रंग आहे. आत गेल्यावर तोंडातून निघालं, चुकलं असेल तर माफ करा. काय चुकलं? कोणाचं चुकलं? थू आहे माझ्यावर.

तिने मान वर न करता विचारलं, घरात आणखी कोणाचे असे आहेत? आईचे, वडलांचे, तुमचे? म्हटलं, कोणाचेच नाहीत.

“मग झालं तर. काळे करून आणा, मग बोलू.”

म्हणजे खरे केस खोटे करून न्यायचे, मग ते खरे धरणार! एवढी अक्कल यायला किती शिकावं लागतं?

गुरुवार, १० जुलै

शेजारचा फर्डिनंड ओट्यावर येऊन बसला. शाळेची बातमी त्याच्याकडे पोचली होतीच. त्याचं ते जुनं तुणतुणं — सॅन्टन, हे फिरंगी रक्त रे, आपण पोर्तुगीजांचे, कधी ना कधी वर येणारच. याच्या बापाने जन्मभर आमच्या वाडीत केळीचे घड उतरवले. पोर्तुगीजांच्या किल्ल्यात कधी गेला असेल तर हरवलेली म्हैस शोधायला.

ॲनिशाने आतून ऐकलं. चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “काका, पोर्तुगीजांचेही केस बहुतेक काळेच असतात.” फर्डिनंड चहा न पिता गेला. दोन्ही कप मीच प्यायलो.

शुक्रवार, ११ जुलै

संध्याकाळी ॲनिशाने भाजी निवडता निवडता मला समजावलं. केसात दोन रंग तयार होतात, काळा आणि लाल. काळा तयार करायचा हुकूम शरीरातून सुटतो. तो हुकूम नीट पोचला नाही की लालच उरतो. हा वारसा आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. एकाकडूनच आला तर केस काळेच, कोणाला कळतही नाही. पिढ्यान् पिढ्या दडून राहतो म्हणे.

“म्हणजे स्टीवनकडेही आहे, बाबा. माझ्याकडेही आहे.”

चौदा वर्षं मी म्हणत आलो, हे तिच्या माहेरचं. तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, पण तिला ठाऊक होतं. तिने वर पाहिलं नाही. पालक निवडत राहिली.

जगात शंभरात एक-दोन डोकी अशी. स्कॉटलंड, आयर्लंड असल्या देशांत शंभरात दहा किंवा जास्तही. तिथे ऊन कमी, फिकं कातडं सोसतं, म्हणून ते टिकलं. आपल्याकडच्या उन्हात काळंच कामाचं. मी विचारलं, आपल्याकडे शंभरात किती? म्हणाली, कोणी नीट मोजलंय?

चंद्रावर यान पाठवतात. खालची डोकी मोजायला कोणाला वेळ नाही!

शनिवार, १२ जुलै

मीच मोजली. माणिकपूरला रिक्षा स्टँडच्या कठड्यावर बसून शंभर डोकी. टोप्या आणि टकलं सोडून. एकवीस लाल! सगळी बाटलीतली नाहीतर मेंदीतली. एका म्हाताऱ्याची दाढी गाजरासारखी, एका बाईच्या कपाळावर वांगी रंगाची झुलपं. यांना कोण बाकावर बसवतं? पैसे मोजून जो रंग लावतात तो जिला फुकट मिळाला, ती गुन्हेगार.

खरं लाल एकही नाही. रिक्षावाला दोनदा विचारून गेला, काका, कुठे जायचंय?

सोमवार, १४ जुलै

ॲनिशाने तिच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांचं पत्र दिलं. मी नेऊन दिलं. मॅडम म्हणे, सर्टिफिकेटं हवी तशी मिळतात. पत्राची घडीसुद्धा उलगडली नाही.

बुधवार, १६ जुलै

शाळेत आरोग्य तपासणी होती. तपासायला आलेल्या बाईने एलिसाचे केस पाहिले आणि कागदावर लिहिलं, तांबूस केस, कुपोषणाची लक्षणं! पालघर जिल्हा म्हटला की यांना दुसरं काही सुचतच नाही. रोज दोन अंडी, रविवारी डुकराचं मटण, वाडीतली केळी खाणारी पोर — कुपोषित! लोहाच्या गोळ्यांचं पाकीट दिलंय.

गोळ्या कपाटात लपवल्या. फर्डिनंडला कळलं तर गावभर करील.

शुक्रवार, १८ जुलै

सोमवारपासून घटक चाचणी. केस असेच असतील तर बसू देणार नाही, असा निरोप आला.

ॲनिशा म्हणते, बसू नका देऊ, मी वर तक्रार करते, पण माझ्या मुलीला काळं लावणार नाही. हिला काय कळतं? आज नववी, पुढच्या वर्षी दहावी. फॉर्मवर सही याच बाईची. एकदा डोळ्यावर आलेली पोर कायमची डोळ्यावर येते. मी कारखान्यात पाहिलंय.

एलिसाने विचारलं, “आजोबा, मी काय केलंय ते तरी सांगा.”

मी तिला टीव्ही लावून दिला. काय माणूस आहे मी.

शनिवार, १९ जुलै

ॲनिशा ड्यूटीवर गेल्यावर एलिसाला माणिकपूरच्या एका पार्लरमध्ये नेलं. आईला सांगू नको म्हटलं. अडीच तास लागले. भुवयाही काळ्या केल्या.

आरशात बघ म्हटलं. ती चपलांकडे बघत राहिली.

रविवार, २० जुलै

ॲनिशा ताट वाढते, पण बोलत नाही. चर्चमधल्या मिसाहून येताना एकच वाक्य बोलली, तेही रस्त्याकडे बघत. “तुम्हाला ती कधी आपली वाटलीच नाही.”

वाटली. पण हे सांगायला मला वहीच सापडते.

सोमवार, २१ जुलै

चाचणीला बसू दिलं. मॅडम वर्गाच्या दाराशी येऊन एलिसाकडे बराच वेळ बघत होती म्हणे. आपला विजय पाहत असणार! दुसरं काय?

मंगळवार, ५ ऑगस्ट

भांगात लाल रेघ आली आहे. गव्हाच्या दाण्याएवढी. पोर शाळेतून आली की डोक्याला ओढणी गुंडाळून बसते. पूर्वी वेणी सोडून गच्चीत फिरायची. मी त्या बाईला काय नावं ठेवतोय? त्या बाईने सांगितलं, मी केलं.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

डायरीत पुन्हा शेरा. ‘मुळाशी रंग दिसत आहे.’ मग कुठे दिसायला हवा, शेपटीशी?

ॲनिशाने वाचलं. शांतपणे म्हणाली, परत नेलंत तर मी एलिसाला घेऊन आईकडे राहायला जाईन, स्टीवनला कळवलंय. मी हो म्हटलं. तिलाही हो, शाळेलाही हो. आज रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली की एकदाही नाही, आठवत नाही.

रविवार, १० ऑगस्ट

ॲनिशाची आज रविवारची ड्यूटी होती. एलिसाला घेऊन पार्लर उघडायच्या वेळेलाच पोचलो. पडदा सारला तर खुर्चीत जागृती मॅडम. गळ्याभोवती कापड, केस चिमट्यांनी चार भागांत बांधलेले. मुळाशी करंगळीच्या रुंदीएवढी वाढ — थोडी पांढरी, बाकी सगळी एलिसासारखीच लाल.

त्यांनी आरशातून आम्हाला पाहिलं. पार्लरवालीला हाताने थांबवलं.

“तेराव्या वर्षी आईने पहिल्यांदा लावलं,” त्या म्हणाल्या. “तेव्हापासून एक महिना चुकला नाही.”

मग माझ्याकडे नाही, एलिसाकडे बघून म्हणाल्या, “उद्या अशीच ये.”