पायांचे काम शिकलेला मेंदू

मी, विन्सेंट बस्त्याव लोबो, वय ७१, राहणार धुरीवाडा, मालवण, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहेच. माझ्या डोक्याबद्दल मला जे नव्याने कळले तेही पुढे येईल.

१. राहते घर व मागचे माड मुलगा जेरी आणि मुलगी सबीना यांना समसमान. विहीर दोघांची. तिच्यावरून भांडू नये.

२. माझी सोन्याची साखळी बहीण डोरथीला. वाडीच्या चॅपेलात मी तरुणपणापासून पायपेटी वाजवतो. मधुमेह जुना. गेल्या वर्षी ईस्टरला भर प्रार्थनेत पेटीचा आवाज बसला. पाय भाता दाबायचे थांबले होते आणि मला पत्ताच नव्हता. डोरथी सर्वांदेखत म्हणाली, "विन्सेंटा, पिवन इलंस काय रे?" साखळी तिने माझ्यामागे घ्यावी, माफी मात्र माझ्या हयातीत मागावी.

३. पायपेटी माझ्या मालकीची आहे. ती चॅपेलातच राहील. ईस्टरच्या त्या प्रकारानंतर मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. अनुजा यांनी कोल्हापूरला माझ्या डोक्यावर तारांची टोपी चढवून मला चालवले, मग उभे करून डोळे मिटायला सांगितले. मी कोसळलो तो जेरीच्या हातांत. पडद्यावरच्या मेंदूच्या रेषा दाखवत त्या म्हणाल्या, "साखरेने पायांच्या नसा खराब झाल्यात. जमिनीचा निरोप वर नीट पोचत नाही. पूर्वी नकळत व्हायचं ते चालणं आता तुमचा मेंदू डोळ्यांच्या मदतीने, लक्ष देऊन करतोय. म्हणून चालताना बोललात की अडखळता."

मी त्या रेषांकडे बघतच राहिलो. मी पायांना शिव्या घालत होतो, आणि आत कोणीतरी न सांगता मला सावरून धरले होते. जन्मभर समुद्र पाहिला, पण इतकी अफाट गोष्ट पाहिली नव्हती.

घरी येऊन नजर पायांवर ठेवून सराव केला. सूर बोटांना न बघता सापडत होते. नाताळच्या मिस्साच्या प्रार्थनेला पुन्हा पेटी वाजवली. उठलो तेव्हा सदरा घामाने चिंब होता.

४. माझा देह, मेंदूसकट, वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. मला पडद्यावर नुसत्या रेषा दिसल्या. शिकणाऱ्या मुलांनी तो मेंदू हातात घेऊन पाहावा. यावर जेरी चिडला. "मम्मीच्या बाजूची जागा रिकामीच रवतली?" म्हणाला, आणि कित्येक दिवस फोन केला नाही. माझ्या बायकोच्या कबरीच्या दगडावर माझेही नाव कोरावे. माझी भेट तिच्याशी देवाकडे होईल.

५. अंमलबजावणी सबीनाने करावी.

आज सही करण्याआधी हे सगळे जेरीला वाचून दाखवले. तो उठून खिडकीपाशी गेला. मग म्हणाला, "परक्यांनी तुमका न्हेवक नको, पप्पा. मीच घेवन जातलंय." कलम चारला ही अट मी माझ्या हाताने जोडत आहे.

सही: विन्सेंट बस्त्याव लोबो

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. बाळा गंगाराम तांडेल, शेजारी
२. डॉ. मितेश परब

मालवण, १७ ऑक्टोबर २०२५