गाजरगवत आणि माझी मेथी

मंगळवार, दिवेलागण

मेथी आजही पिवळीच. सासऱ्यांनी हिरवं गाजरगवत उपटून हळदीच्या बेडवर अंथरलं, उरलेलं माझ्या मेथीच्या वाफ्यावर. हळद तरारली, मेथी उगवली तशी खुरटून राहिली. त्या गवताचा विषार मातीत उतरतो, सांगून थकले. सासूबाईंचं एकच, "तेच गवत, तेच पाणी. हळदीला न्हाई झालं, मेथीलाच काहून?"

अहो, हळदीच्या गड्ड्यात तिची शिदोरी असते! मेथीचा दाणा केवढासा. त्याला पहिला घास मातीतूनच घ्यायचा, तोही कडू.

वर लगेच, "जाऊ बघ तुझी. तेच घर, तेच काम. तिला जमतं, तुलाच काहून न्हाई?"

जाऊबाईचं माहेर गावातच, माझं लांब. दुपारी तिथून तिचा डबा आला, तेव्हाच सासूबाईंना बोलायचं होतं हे शिदोरीचं.