पुढच्या खोलीतला तराजू

मी, मुलांची विज्ञानाची बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. मी कोणाच्याही दाबाखाली नाही. हवेचा दाब आहे तेवढाच, आणि तो सगळ्यांवर सारखा आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मरायला सवड नव्हती.

कलम १. हे घर माझ्या पगारातून बांधलेलं, म्हणून माझं एकटीचं. मागच्या खोल्या मुलाला आणि सुनेला. पुढची खोली मात्र मुलांची प्रयोगशाळा आहे आणि प्रयोगशाळाच राहील. तिथे दुकानाचा गाळा निघणार नाही. माझ्या धाकट्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, हे वाक्य पुन्हा वाचावं.

भाऊजी पूर्वी आमच्या शाळेचे अध्यक्ष होते. त्यांचं वजन मोठं. ते वापरून त्यांनी शाळेची प्रयोगशाळा बंद केली आणि तिथे स्वतःचं कार्यालय थाटलं. मला म्हणाले, "वहिनी, ॲसिडनं कुणाचा हात भाजला म्हणजे? फळ्यावर चित्र काढा की!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी घरची पुढची खोली रिकामी केली. बाटलीतल्या व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा टाकून तोंडावरचा फुगा फुगवला. लाल कोबीचा रस साबणाच्या पाण्याने हिरवा करून दाखवला. मुलं खोलीत मावेनात.

कलम २. ती खोली, तिथल्या परीक्षानळ्या, चुंबकं आणि वजन करायचा पितळी तराजू भाऊजींच्या नातीला. घरात तिला 'प्रश्नावली' म्हणतात. लहानपणी ती आजोबांचा डोळा चुकवून माझ्याकडे यायची. शाळेच्या समारंभात भाऊजी भाषण ठोकत होते, "चंद्रावर गेलं की माणसाचं वस्तुमान कमी होतं." पहिल्या रांगेतून ही ताडकन उठली. "आजोबा, वजन कमी होतं! वस्तुमान कुठेही नेलं तरी तेवढंच!" लोक हसून लोटपोट झाले. तो आनंद मला आजही पुरतो.

पुढे भाऊजींची खुर्ची गेली, आणि वजनही गेलं. जागा बदलली की ते बदलतंच. प्रश्नावली आता त्याच शाळेत विज्ञान शिकवते आणि अध्यक्षांच्या कार्यालयात पुन्हा बर्नर पेटतो. जिंकले मी! पण शाळेची प्रयोगशाळा घंटा झाली की बंद होते. माझी होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

कलम ३. स्प्रिंगचा ताणकाटा वजन मोजतो, म्हणून तो भाऊजींना शोभला असता. पण वकील म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणूनच भाऊजींना साक्षीदार केलं आहे. ताणकाटा सुनेला, भाजीवाल्याशी तिचं जुनं भांडण आहे.

कलम ४. माझ्या फोटोला हार घालू नये. त्याच्यासमोर एक फुगा फुगवावा, सोडा आणि व्हिनेगर वापरूनच.

स्थळ: पुढची खोली
दिनांक: शाळा उघडण्याचा आदला दिवस
सही: विज्ञानाची बाई

साक्षीदार, शेजारच्या डॉक्टरीणबाई: बाई ठणठणीत आहेत. उगाच घाई करतायत.

साक्षीदार, भाऊजी: सगळं वाचलं. बदनामी आहे, पण खोटं काही नाही. गाळ्याचा नाद सोडला. फक्त कलम दोनमध्ये चूक आहे. वहिनी, पितळी तराजू वजन करत नाही, वस्तुमान मोजतो. दुरुस्त करून घ्यावं.

दुरुस्ती मान्य. भाऊजी, दहापैकी दहा.
— बाई