पर्सनल समजावे

सांडोर, वसई
१२ फेब्रुवारी २००८

चि. सरलास,
हरिदादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. केळीला यंदा घड बरे धरलेत. तुझ्या वहिनीचा गुडघा मात्र कुरकुरतोच आहे. मनवेलपाड्यात पाणी येतं, की अजून टँकरच?

उमंगच्या लग्नाची तारीख कळली. कशी कळली ते ऐक. शनिवारी कृतिका कॉलेजातून आली आणि म्हणाली, "बाबा, उमंगदादाने सगळ्यांना स्क्रॅप टाकलाय." मला वाटलं, पोराने नोकरी सोडून कामणला भंगाराचं गोडाऊन घेतलं की काय! तर ऑर्कुटवर एकमेकांच्या पानावर जे खरडतात, त्याला स्क्रॅप म्हणतात म्हणे. नाव तरी लायकीप्रमाणे ठेवलंय. त्यात काय होतं? "हाय ऑल! वेडिंग ऑन ट्वेंटी-फोर्थ. मस्ट कम. पर्सनल इन्व्हाइट समजा. लोल."

गावभर एकच ओळ वाटायची आणि ती पर्सनल! आणि लोल म्हणजे मोठ्याने हसणे. अरे, हसू आलं तर हसा ना, लिहून कसलं कळवता? ही पोरं ओळख करून घेत नाहीत, 'ॲड' करतात. तोंडावर कौतुक करत नाहीत, 'टेस्टिमोनियल' देतात, तेही मागून घेतलेलं. भांडण झालं की 'डिलीट' मारतात. आपणही अबोला धरायचो, पण एकाच पंगतीत बसून धरायचो.

आपल्या घरात पहिली पत्रिका देवाला, दुसरी मामाला. तुझ्या लग्नाची अक्षत घेऊन बाबा निर्मळला मामांकडे चालत गेले होते. मामांनी आधी उशिरा आल्याबद्दल शिव्या घातल्या, मग जेवायला घातलं. आमंत्रण असं असतं, सरला.

परवा शेजारच्या मार्सेलने बांधावरून हाक मारली. "हरी, भाच्याचं लगीन ना रे? मांडवाला केळी कोनाची? तुझीच ना?" मी म्हटलं, विरारच्या हॉलमध्ये प्लास्टिकची मिळतात. घरी येऊन मी जेवलो नाही.

आता एक सांगतो, वहिनीला बोलू नकोस. दिवाळीत मीही कृतिकाकडून त्या ऑर्कुटवर खातं उघडून घेतलं. तुझं कार्टं इकडे फिरकत नाही, निदान फोटो तरी दिसतील म्हणून. तर तिथे आधी 'फ्रेंड रिक्वेस्ट' पाठवावी लागते. ज्याला मांडीवर घेऊन उष्टावणाचा पहिला घास भरवला, त्यालाच मी विनंती करायची, की बाबा रे, मला ओळख. केली. अजून उत्तर नाही. कृतिका म्हणते, 'पेंडिंग' आहे. मला फार लागलं ग ते.

मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाच्या पाठीशी मामा उभा राहतो. त्याला ह्यांच्यात काय नवा शब्द आहे, विचार एकदा तुझ्या लेकाला. आणि पत्रिका घेऊन त्याला पाठव. तू नको येऊस, त्यालाच पाठव. मी आधी शिव्या घालीन, हे सांगून पाठव.

वाडीतल्या दोन केळींना, घडांसकट, खुणेचं फडकं बांधून ठेवलंय. तो आल्याशिवाय कोयता लावणार नाही.

तुझा
हरिदादा
(उमंगचा मामा, सध्या पेंडिंग)