बंदराची सहा चित्रं आणि माझं अक्षर

३ जाने., शनि.
संस्थेच्या ऑफिसात बोलावणं. शाळेच्या कलादालनाचं उद्घाटन सव्वीसला. शाळेकडची मुंबई बंदराची सहा जलरंग चित्रं तिथे भिंतीवर लागणार, कंपनी सरकारच्या काळातली. अध्यक्ष भाऊसाहेब म्हणाले, "म्याडम, चित्रं कॅप्टन वेदरलीचीच हायत असं लिवून द्या. तुमी ड्रॉइंगच्या टीचर, तुमची सही पायजे."
उद्या-परवा बघते म्हटलं आणि निघाले.

६ जाने., मंगळ.
इथे तरी खरं लिहावं. वेदरली हे नाव माझंच पाप. नऊ वर्षांपूर्वी चित्रं देणगीत आली. नोंदवहीत 'चित्रकार' असा रकाना. तेव्हाचे हेडसर म्हणाले, रकाना कोरा नको, तपासणीत अडतं. चित्रं ज्या पेटीतून आली तिच्यावर कॅ. वेदरली असं रंगवलेलं होतं. दिलं ठोकून. पेटीवर 'सांभाळा, काच आहे' असतं तर तेही लिहिलं असतं मी.

७ जाने., बुध.
भाऊसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मुंबईच्या कुणा अभ्यासकाची जुन्या चित्रकारांची छापील यादी पुढे सरकवली. त्यात वेदरली! खाली बारीक अक्षरात, आधार : हिंगणघाटच्या शाळेची नोंदवही. म्हणजे मीच. हसावं की रडावं.
"छापून आलं ना? मंग? काऊन घोळ घालून राह्यल्या?"

१० जाने., शनि.
चौकटी बदलताना चौथ्या चित्राच्या कडेला पेन्सिलीची मोडी अक्षरं दिसली. रिटायर्ड वानखडे गुरुजींकडे नेलं. चष्मा पुसून पुसून त्यांनी वाचलं, 'येथे नीळ पातळ. गलबत मागाहून.' मी म्हटलं, कोणी आपला माणूस, धक्क्यावर बसून...
गुरुजी म्हणाले, "हुरळून जाऊ नोको पोरी. सायबानं मुनशीले टिपाले लावलं असन त?"
तेही खरंच. काहीच नक्की नाही, एवढंच नक्की.

१४ जाने., संक्रांत
'चित्रकार अज्ञात' असं लिहून नेलं. भाऊसाहेबांनी तिळगूळ दिला आणि कागद परत दिला. "अज्ञाताच्या उद्घाटनाले मंत्री येते काय?" मग हळूच, "तुमची परमनंटची फाइल माह्यापाशीच हाय, म्याडम. गोड बोला."
अकरा वर्षं तासिकेवर. ह्यांची नोकरी सुटल्यापासून घर माझ्यावर. इकडे आड, तिकडे विहीर, आणि विहीर मीच खणलेली. फार राग आला. त्यांचा कमी, माझाच जास्त.

१९ जाने., सोम.
सही करू का, ह्यांना विचारलं. म्हणाले, "मेलेल्या माणसाले काय फरक पडते?" भाजी करपली.

२५ जाने., रवि.
चित्रांखालच्या पाट्या छापून आल्या, वेदरलीच्याच नावाच्या. सुबक आहेत. दुपारी भाऊसाहेबांचा फोन.
"झाली काय सही?"
"झाली," मी म्हणाले.
झालेली नाही. सहीचा कागद समोर आहे. सकाळी झेंडावंदनाच्या आधी तो न्यायला गाडी येणार आहे.