हे घर अजून झालेले नाही

बीड, रविवार

ती. सौ. कावेरीताईस,

धाकट्या स्वप्नालीचा शरणार्थ. तुझी पाठ आणि दाजींचे किराणा दुकान, दोघांची प्रकृती कळवावी (आधी पाठीची). दिवाळीत पाठवलेला माझ्या खोलीचा फोटो पाहून तू लिहिलेस, ‘खिडकी आहे, सोबतीण आहे, तुझा घोर मिटला’. आणि तेव्हापासून लातूरहून इकडे यायचे नावच काढले नाहीस. त्याविषयी शेवटी लिहीन. आधी येथील हकीकत.

मृत्युंजय सरांच्या कार्यालयात मी संगणकावर घरांची चित्रे काढते, हे तुला ठाऊक आहेच. दसऱ्यापासून जे सॉफ्टवेअर शिकते आहे, त्यात न बांधलेले घरही फोटोसारखे हुबेहूब दिसते. भिंतीवर ऊन पडते, काचेत ढग उमटतात. ते धंद्याच्या कामास भरवशाचे आहे काय, याचा लेखी अभिप्राय सरांनी माझ्याकडे मागितला (शाळेत मराठीत पहिली आल्याची शिक्षा अजून चालू आहे). परीक्षेसाठी नांदूरघाटच्या अर्जुनरावांचे नियोजित घर घेतले. घरापुढचा ओटा फार रिकामा दिसू लागला, म्हणून सॉफ्टवेअरमधल्या तयार माणसांतून एक बाई आणून बसवली. (दोन दिवस मी तिच्याशी बोललेही. बाकी सगळे साइटवर असतात.) ही तयार माणसे सगळी परदेशी. चित्र पाहताच अर्जुनरावांच्या पत्नी सुंदरबाई कडाडल्या, “ही भुऱ्या केसांची कोण गं? माझ्या ओट्यावर बूट घालून बसलीय!” तिला मी उठवले. ओटा पुन्हा रिकामा झाला.

अर्जुनरावांनी मात्र ते चित्र भूमिपूजनाच्या फ्लेक्सवर छापले आणि फ्लेक्स साऱ्या पाहुण्यांच्या मोबाइलवर धाडला. अक्षरे कोण वाचतो? घर तयार दिसले, तेव्हा वास्तुशांतीच असणार, असे मानून मंडळी आहेर घेऊन आली. रानात चुन्याच्या चार रेघा, एक खड्डा आणि ऐंशी माणसे! सुंदरबाईंचे कडा गावचे भाऊ उत्तरेश्वर यांनी तर छताचा पंखा आणला होता. खोके काखेत मारून ते रेघांमधून हिंडले आणि म्हणाले, “दाजी, पंखा आणलाय. छत कुठं हाय?”

“व्हईल की, दिवाळीपस्तोर!”

“मंग तवर मी काय असाच धरून उभा राहू?”

सगळे एकमेकांकडे पाहून हसले. मलाही हसू आले; परंतु कोणाकडे पाहावे हे न कळल्याने मी फ्लेक्सकडे पाहून हसले.

अभिप्रायात मी लिहिले: सॉफ्टवेअर विश्वसनीय आहे, किंबहुना गरजेपेक्षा अधिक, सबब प्रत्येक चित्राखाली ‘हे घर अजून झालेले नाही’ असे ठळक लिहावे. सरांनी लगेच सही केली.

तुझी,
स्वप्नाली

ता. क. – माझ्या खोलीच्या फोटोखाली ते वाक्य लिहायचे राहिले. खोलीला खिडकी नाही. तेथे चहा पीत बसलेली सोबतीण म्हणजे सुंदरबाईंनी पुढे ओट्यावरून उठवायला लावलेली तीच बाई. मी केस तेवढे काळे केले होते.

आणखी एक – तुझ्या पाठीसाठी कापसाची गादी भरून घेतली आहे. ती खरी आहे. पुढच्या रविवारी लातूरची एसटी बीडच्या अलीकडे मांजरसुंब्याला थांबेल, तेथे मी सकाळपासून उभी असेन. पत्राचे उत्तर धाडू नकोस. ये.