प्लगमधला निळा दोरा

३ फेब्रुवारी, सोमवार

ठरलं! महिनाअखेरीला दुकानाचं शटर खाली. गाळ्याच्या मालकाला चावी परत, आणि आम्ही दोघी — मी नि सासूबाई — लेकीकडे. फोनवर लेक म्हणाली, "आई, किती वर्षं मिक्सर नि पंखे उघडत बसणार? आता ये. आराम कर." आराम! शब्द ऐकूनच अंग दुखायला लागलं.

पण करू काय? समोर नवीन दुकान झालंय — जुनं द्या, नवं न्या. इस्त्री जरा कुरकुरली की लोक देऊन टाकतात, नवी घेऊन येतात. मी इकडे माशा मारते. हल्ली माशासुद्धा समोरच जातात, तिथे एसी आहे.

सासूबाईंना सांगताना मनात धाकधूक होती. सासऱ्यांनी उभं केलेलं दुकान, पुढे ह्यांनी चालवलं, हे गेल्यावर मी. वाटलं, रडतील. तर म्हणतात कशा — "बरं झालं बाई! सुटलीस एकदाची त्या कटकटीतून." घ्या! रडायची पाळी माझ्यावरच.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पिवळ्या मुठीचा छोटा पेचकस सापडत नाही. सगळे ड्रॉवर उपसले. जाऊ दे. दुकानच चाललंय, तिथे पेचकसाचं काय घेऊन बसायचं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शेजारच्या शिंपीकाकांना बातमी लागली. आले तणतणत. "तुम्ही गेलात तर माझ्या मशीनचं कोण बघणार?" म्हटलं, समोर जा, नवं मिळेल. म्हणाले, "नवं शिवतं, पण बोलत नाही." आता शिलाई मशीन बोलतं का? पण काकांचं बोलतं. कुठे दुखतंय ते मला आवाजावरून कळतं.

वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईही आल्या. निवृत्त झाल्या, पण खडू काही सुटलेला नाही. हरित अर्थव्यवस्थेवर व्याख्यान झाडलं. मी मिक्सरच्या मोटरचे कार्बन ब्रश बसवता बसवता ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "बाई, म्हणजे नक्की काय हो?"

"म्हणजे तुझं दुकान! वस्तू टिकते, कचरा होत नाही, आणि गल्लीचा पैसा गल्लीतच राहतो."

इतकी वर्षं मी अर्थव्यवस्था चालवत होते आणि मेलं कुणी सांगितलंसुद्धा नाही!

दोघांनी मिळून दारावर पाटी लावली — फेकू नका, आणा. दर रविवारी. मी म्हटलं, लावा. पाटीला काय, महिनाअखेरपर्यंत तर लटकेल.

९ फेब्रुवारी, रविवार

आलं कोण? एक मांजर.

सासूबाईंचं मात्र बरंय. घरात करमत नाही म्हणून दुपारभर घरोघर फिरतात. काल बेकरीवाल्याच्या पंख्यासमोर गप्पा, आज मास्तरीणबाईंकडे चहा. शिवाय दातांच्या डॉक्टरांकडे स्वतःचे कपडे घेऊन गेल्या, इस्त्री करायला! "आपली नीट तापत नाही," म्हणे. दुरुस्तीवालीच्या घरची इस्त्री तापत नाही! चारचौघांत माझी शोभा केल्याशिवाय या बाईंना अन्न पचत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काय सांगू! सकाळी डॉक्टरांची इस्त्री आली. दुपारी मास्तरीणबाईंचा मिक्सर. संध्याकाळी बेकरीवाला पंखा खांद्यावर टाकून हजर. हात नुसते शिवशिवतायत! स्वयंपाक करताना चक्क गाणं म्हटलं. लेकीला सांगितलं तर म्हणाली, "विझताना दिवा मोठा होतो, आई." कार्टी!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डोकं सणकलंय.

इस्त्री उघडली — आतून ठणठणीत. मग प्लग उघडला. गल्लीतले निम्मे प्लग मीच बसवलेले आहेत, स्क्रूवाले. आत एक तार सुटलेली. सुटलेली कसली, सोडवलेली! आणि उघड्या टोकावर निळा दोरा गुंडाळलेला, अगदी सुबक. मिक्सर — तेच. पंखा — तेच. निळा दोरा!

गल्लीत दोरे कुणाकडे असतात? तरातरा शिंपीकाकांकडे गेले. "माझी कीव करता? लोकांच्या धडधाकट वस्तू मोडून मला भीक घालता?" काकांच्या तोंडात टाचण्या, बोलता येईना. एकेक काढून झाल्यावर म्हणाले, "अहो, मी प्लगला हात लावत नाही. आमच्याकडे बल्बसुद्धा बायको बदलते."

नाही पटलं. फार लागलं मनाला. काल गाणं म्हणत होते, वेडी कुठची.

१६ फेब्रुवारी, रविवार

तिघांना वस्तू न्यायला बोलावलं. तिन्ही प्लग टेबलावर उघडून ठेवले आणि दम भरला — कुणी केलं ते सांगा, मगच वस्तू मिळेल.

डॉक्टर म्हणाले, "मी दात काढतो. माझीच इस्त्री मी कशाला मोडू?" बेकरीवाला शपथांवर शपथा घेत सुटला. मास्तरीणबाई मात्र प्लगमध्ये डोकं घालून बसलेल्या. "एवढंच असतं आत? ही तार, या स्क्रूला? सर बाजूला, मी लावते." लावली! मी तपासून प्लग बंद केला, बटण दाबलं, मिक्सर घरघरला. बाईंनी टाळ्या वाजवल्या, स्वतःसाठीच.

मग डॉक्टरांना चेव आला. त्यांनी इस्त्री लावली, दाताला हात लावावा तसं हळूच. बेकरीवाला घरी पळाला आणि माळ्यावरचा टोस्टर घेऊन आला. हा खरोखरच मेलेला होता! तो उघडताना चौघांची डोकी एकमेकांवर आपटली. या गडबडीत रागवायचं राहूनच गेलं माझं.

२३ फेब्रुवारी, रविवार

पाय ठेवायला जागा नाही! टेबल रस्त्यावर काढावं लागलं. गल्लीतले माळे रिकामे होतायत. सोपं असेल ते लोक माझ्या नजरेखाली स्वतः करतात, अवघड ते माझ्यावर सोडतात. शिंपीकाका शेजारीच उसवलेल्या पिशव्या आणि छत्र्या घेऊन बसले. त्यांची माफी मागितली. म्हणाले, "माफी राहू द्या, मशीनला तेल घाला." कचरागाडीवाला गाडी थांबवून विचारतो — "गल्ली उपाशी आहे काय? काही टाकतच नाही!"

कहर म्हणजे समोरचा दुकानदार आला. मी पदर खोचला, म्हटलं, आला भांडायला. तर हळूच म्हणतो, "मावशी, बदल्यात घेतलेल्या जुन्या वस्तूंनी माझं गोदाम भरलंय. भंगारवालाही नाक मुरडतो. तुम्ही नीट करा, मी विकतो. निम्मं तुमचं." दोन कप चहा पाजला त्याला.

लेकीला फोन केला — येत नाही गं, अर्थव्यवस्था सोडून कशी येऊ? हसत सुटली. "मग माझा टेबललॅम्प पाठवू का?"

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "झालं! परत तीच कटकट." या बाईंपुढे मी हात टेकले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

चावी परत द्यायचा दिवस. दिली नाही.

झंपरचं बटण लावायला सासूबाईंचा शिवणाचा डबा उघडला. आत निळ्या दोऱ्याचं रीळ, निम्मं संपलेलं. त्याखाली पिवळ्या मुठीचा पेचकस.

दोन्ही त्यांच्यापुढे धरली. जराही लाजल्या नाहीत. "तुझे सासरे सांगायचे, तार सोडलीस तर टोक उघडं ठेवू नकोस. म्हणून दोरा." मग चष्मा पुसायला लागल्या. "माझा मुलगा गेला तेव्हा तू जेवत नव्हतीस. शटर उघडलंस, त्या दिवशी जेवलीस. आता परत उपाशी बसवू तुला?"

पेचकस डब्यातच ठेवला. रविवारी लागेल त्यांना, माझ्या शेजारच्या खुर्चीवर.